काळे पाणी, काचेची पेटी आणि पियाबेरो : निऑन व कार्डिनल टेट्रा या माशांच्या घरगुती पालन-प्रजननाचा इतिहास

बीजसंज्ञा : काळे पाणी, घरगुती मत्स्यालय, निऑन टेट्रा, कार्डिनल टेट्रा, रिओ नेग्रो, बार्सेलोस, पियाबेरो

प्रस्तावना

'काळे पाणी' हा शब्दप्रयोग मराठी वाचकाच्या मनात अंदमानातील जन्मठेपेची आठवण जागी करतो. जलशास्त्रात मात्र 'काळे पाणी' ही एका विशिष्ट प्रकारच्या नद्यांची शास्त्रीय संज्ञा आहे. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीचे खोरे आणि आग्नेय आशियातील पीटयुक्त दलदली ही अशा पाण्याची प्रमुख क्षेत्रे होत. या पाण्यात जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांबीचे, परंतु रंगाने अत्यंत तेजस्वी असे मासे राहतात. गेल्या सुमारे नव्वद वर्षांत हे मासे जगभरच्या दिवाणखान्यांतील काचेच्या पेट्यांत पोहोचले. आज मुंबई-पुण्याच्या पाळीव माशांच्या दुकानांतही 'निऑन' आणि 'कार्डिनल' ही नावे सर्रास ऐकू येतात.

घरात मासे पाळणे हा सामान्यतः छंदाचा विषय समजला जातो व इतिहासलेखनात त्याची फारशी दखल घेतली जात नाही. परंतु एखादा मासा नदीतून काचेच्या पेटीत येतो, त्याला शास्त्रीय नाव मिळते, पुढे त्याची पैदास पेटीतच होऊ लागते आणि अखेरीस नदीची गरजच उरत नाही, या संपूर्ण प्रवासात ज्ञान, श्रम आणि संपत्ती यांचे स्थलांतर घडत असते. प्रस्तुत लेखात निऑन टेट्रा व कार्डिनल टेट्रा या दोन माशांच्या आधारे या स्थलांतराचा मागोवा घेतला आहे. 'पेटीत पैदास केलेला मासा विकत घेणे म्हणजे निसर्गाचे रक्षण करणे' या सर्वमान्य समजुतीची ऐतिहासिक तपासणी करणे हा या लेखाचा मुख्य हेतू आहे.

काळ्या पाण्याचे स्वरूप आणि त्याच्या प्रारंभिक नोंदी

रिओ नेग्रो ही ॲमेझॉनची डाव्या तीरावरील सर्वांत मोठी उपनदी. तिचे पोर्तुगीज व स्पॅनिश नावच मुळी 'काळी नदी' असे आहे. १५४२ मध्ये फ्रान्सिस्को दे ओरेयाना याच्या मोहिमेतील स्पॅनिश प्रवाशांना ती प्रथम दिसली व त्यांनीच तिला हे नाव दिले. मनाउस शहराजवळ ही काळी नदी पिवळसर गढूळ सोलिमोइस नदीला मिळते आणि दोन्ही प्रवाह काही किलोमीटरपर्यंत एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी वाहत राहतात.

नदी काळी दिसत असली तरी हे पाणी गढूळ नसते. ओंजळीत घेतले असता ते कोऱ्या चहासारखे तांबूस व पारदर्शक दिसते. या नदीच्या खोऱ्यातील बरीचशी जमीन पांढऱ्या वाळूची आहे. जंगलातील पाने, साली व लाकूड कुजताना निर्माण होणारी ह्युमिक आम्ले व टॅनिन ही द्रव्ये अशा वाळूत धरून ठेवली जात नाहीत. ती पावसाच्या पाण्याबरोबर झिरपून नदीत येतात. परिणामी पाण्याचा सामू ४ ते ५ च्या आसपास राहतो व त्यात कॅल्शियमसारख्या क्षारांचे प्रमाण जवळजवळ नगण्य असते. रासायनिकदृष्ट्या हे पाणी पावसाच्या पाण्याच्या बरेच जवळचे असते. पावसाळ्यात नदीची पातळी कित्येक मीटर वाढते आणि काठावरील अरण्य अनेक महिने पाण्याखाली जाते. या बुडालेल्या अरण्याला स्थानिक भाषेत 'इगापो' म्हणतात. लहान माशांचे अन्न, आसरा व प्रजनन हे सर्व या इगापोवर अवलंबून असते.

अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट याने १८०० मध्ये ओरिनोको व रिओ नेग्रोच्या वरच्या खोऱ्यात प्रवास करताना काळ्या पाण्याच्या नद्यांची दखल घेतली होती. अशा नद्यांच्या काठी डासांचा उपद्रव कमी असतो, हे त्याचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. त्यानंतर आल्फ्रेड रसेल वॉलेस याने १८५० ते १८५२ या काळात रिओ नेग्रोवर दीर्घ वास्तव्य केले. ॲमेझॉन खोऱ्यातील नद्यांची पांढऱ्या, निळ्या व काळ्या पाण्याच्या नद्या अशी विभागणी त्याने केली व रिओ नेग्रोतील दोनशेहून अधिक माशांची पेन्सिलीने चित्रे काढली. मायदेशी परतताना ऑगस्ट १८५२ मध्ये त्याच्या 'हेलन' या जहाजाला भर समुद्रात आग लागून बहुतेक संग्रह नष्ट झाला. वाचलेल्या मोजक्या वस्तूंत ही माशांची चित्रे होती. ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध होण्यास मात्र २००२ साल उजाडावे लागले. विसाव्या शतकाच्या मध्यावर हाराल्ड सिओली या जर्मन जलशास्त्रज्ञाने पांढरे, स्वच्छ व काळे पाणी असे वर्गीकरण रासायनिक आधारावर पक्के केले. पुढे या माशांच्या पालनाला नेमके हेच रसायनशास्त्र उपयोगी पडले.

काचेची पेटी : घरगुती मत्स्यालयाचा उदय

घरात मासे ठेवण्याची प्रथा चीनमध्ये पुष्कळ जुनी आहे. परंतु वनस्पती, मासे व पाणी यांचा परस्पर तोल साधून काचेच्या पेटीत जीवन टिकवता येते, हा विचार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये रुजला. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने असा तोल प्रयोगाने दाखवून दिला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. त्यापाठोपाठ १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याच्या ग्रंथाने या छंदाला मध्यमवर्गीय घरांत प्रवेश मिळवून दिला. हा छंद साम्राज्याच्या विस्ताराशी जोडलेला होता. दूरदेशीच्या वनस्पती काचेच्या बंद पेटीतून जहाजाने आणण्याचे नॅथॅनिएल वॉर्ड याचे तंत्र आणि मत्स्यालय ही एकाच काळाची, एकाच वृत्तीची अपत्ये होत.

उष्ण कटिबंधातील मासे थंड देशांत जगवणे मात्र अवघड होते. त्यासाठी पाणी उबदार राखावे लागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्स व विशेषतः जर्मनीत हौशी मत्स्यपालकांनी या प्रश्नावर चिकाटीने काम केले. बर्लिन येथे १८८८ मध्ये 'ट्रिटॉन' ही मत्स्यपालकांची संस्था स्थापन झाली. अशा संस्थांतून पालन-प्रजननाच्या नोंदी ठेवण्याची, त्या सभासदांपुढे मांडण्याची व नियतकालिकांतून छापण्याची शिस्त निर्माण झाली. विजेचे दिवे व विजेवरील तापके आल्यानंतर उष्ण प्रदेशातील मासे सामान्य नोकरदाराच्याही आवाक्यात आले. काळ्या पाण्यातील माशांच्या आगमनाची पूर्वतयारी अशा रीतीने झाली.

निऑन टेट्रा (१९३६)

१९३०-४० च्या दशकात ऑग्युस्त राबो या फ्रेंच संग्राहकाला ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यात एक लहान, निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा मासा मिळाला. तो प्रथम पॅरिसला व तेथून जर्मनीत पोहोचला. त्याचे काही नमुने फिलाडेल्फिया येथील विल्यम टी. इन्नेस या मुद्रक-संपादकाकडे आले. इन्नेस हे 'द अक्वेरियम' या मासिकाचे संपादक होते व १९३५ मध्ये त्यांचा परदेशी मत्स्यालयीन माशांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. त्यांनी पाठविलेल्या नमुन्यांवरून जॉर्ज एस. मायर्स या मत्स्यशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये या माशाचे शास्त्रीय वर्णन केले व इन्नेस यांच्या सन्मानार्थ त्याला 'इन्नेसी' हे जातिनाम दिले. आज हा मासा 'पॅराकिरोडॉन इन्नेसी' या नावाने ओळखला जातो.

या माशाच्या अंगावरील निळा पट्टा निळ्या रंगद्रव्यामुळे दिसत नाही. त्वचेतील पेशींत ग्वानिनच्या अतिसूक्ष्म स्फटिकांचे थर असतात व त्यांवरून प्रकाश परावर्तित होऊन निळा-हिरवा रंग दिसतो. चहाच्या रंगाच्या अंधाऱ्या पाण्यातही तो उठून दिसतो. शहरांतून त्या काळी नव्याने झळकू लागलेल्या निऑन दिव्यांच्या जाहिरातींवरून या माशाला व्यावहारिक नाव मिळाले. अरण्यातील माशाची ओळख शहरी दिव्यावरून ठरावी, ही गोष्ट बाजाराची दृष्टी पुरेशी स्पष्ट करते.

कार्डिनल टेट्रा आणि एका दिवसाचा वाद (१९५६)

यानंतर वीस वर्षांनी निऑनसारखाच, परंतु पोटाखालील तांबडा पट्टा डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड असलेला दुसरा मासा रिओ नेग्रोच्या खोऱ्यातून बाजारात आला. त्याच्या नामकरणाचा प्रसंग विज्ञानाच्या इतिहासात लक्षणीय ठरला. वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय संग्रहालयातील लेनर्ड पी. शुल्ट्झ यांनी त्याचे 'किरोडॉन ॲक्सेलरोडी' असे नामकरण केले. मत्स्यपालनविषयक मासिकाचे प्रकाशक व व्यापारी हर्बर्ट ॲक्सेलरॉड यांच्या नावावरून ते ठेवलेले होते व ॲक्सेलरॉड यांच्याच मासिकाच्या पुरवणीत ते प्रसिद्ध झाले. त्या पुरवणीवर २० फेब्रुवारी १९५६ ही तारीख होती. दुसरीकडे स्टॅनफर्ड येथील मायर्स व वाइट्झमन यांनी याच माशाला 'हायफेसोब्रायकॉन कार्डिनालिस' असे नाव दिले. त्यांचा लेख विद्यापीठाच्या मत्स्यशास्त्रविषयक नियतकालिकात २१ फेब्रुवारी १९५६ रोजी प्रसिद्ध झाला.

प्राणिनामकरणात अग्रक्रमाचे तत्त्व पाळले जाते. ज्याचे नाव आधी प्रसिद्ध होते ते ग्राह्य धरले जाते. वाद आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाकडे गेला व १९५७ मध्ये आयोगाने शुल्ट्झ यांच्या नावाच्या बाजूने निर्णय दिला. वीस वर्षांपूर्वी निऑनला नाव देणारे मायर्स कार्डिनलच्या बाबतीत एका दिवसाने मागे पडले. पुढे दोन्ही मासे 'पॅराकिरोडॉन' या एकाच प्रजातीत समाविष्ट झाले. शास्त्रीय नाव व्यापाऱ्याचे राहिले. व्यवहारात मात्र ख्रिस्ती धर्मगुरूंच्या तांबड्या झग्याची आठवण देणारे 'कार्डिनल' हेच नाव टिकले.

या वादाच्या वर्णनात एक पक्ष कोठेच आढळत नाही. ज्यांनी हे मासे अरण्यातून शोधून, पकडून, जिवंत ठेवून बोटीवर चढवले, त्या नदीकाठच्या लोकांचा पक्ष तो. लहान माशांना त्यांच्याकडे तुपी भाषेतून आलेला 'पियाबा' हा शब्द होता व हे मासे पकडणाऱ्यांना 'पियाबेरो' म्हटले जाई. संपादक, प्रकाशक व धर्मगुरू या तिघांचीही स्मृती या माशांच्या नावांत आहे, पियाबेरोची नाही.

प्रजननाचे कोडे

निऑन टेट्रा युरोप-अमेरिकेत लोकप्रिय झाला तरी त्याची पैदास सुरुवातीला बहुतेकांना साधत नव्हती. मासे नळाच्या पाण्यात जगत. मादी अंडीही घाली. परंतु अंडी पांढरी पडून नष्ट होत. इतर अनेक मासे सहज वाढवणाऱ्या अनुभवी मत्स्यपालकांनाही येथे अपयश येई. या कोड्याचे उत्तर माशात नव्हते, पाण्यात होते. चुनखडीच्या प्रदेशातील नळाच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असते. रिओ नेग्रोसारख्या पाण्यात उत्क्रांत झालेल्या माशाची अंडी अशा पाण्यात नीट फलित होत नाहीत व उबतही नाहीत. शिवाय काळ्या पाण्यात जीवाणूंची व बुरशीची वाढ मर्यादित असते. पेटीतील सामान्य पाण्यात ती अंड्यांवर लगेच चढते.

मत्स्यपालकांनी पावसाचे पाणी, ऊर्ध्वपातित पाणी व पीटमधून गाळलेले पाणी यांचे प्रयोग केले आणि हळूहळू एक पद्धत सिद्ध झाली. दहा-पंधरा लिटरची स्वच्छ, वाळूविरहित काचेची पेटी घ्यावयाची. पाण्याचा कठीणपणा शक्य तितका शून्याजवळ आणि सामू ५ ते ६ च्या दरम्यान ठेवावयाचा. तापमान २५ अंश सेल्सियसच्या आसपास राखावयाचे. तळाशी बारीक पानांची वनस्पती अथवा जाळी अंथरावयाची. पेटीच्या बाजू काळ्या कागदाने झाकून नर-मादीची जोडी संध्याकाळी आत सोडावयाची. हे मासे स्वतःचीच अंडी खातात. म्हणून अंडी पडताच जोडी बाहेर काढावी लागते. अंडी प्रकाशास संवेदनशील असल्याने पेटी अंधारात ठेवावी लागते. सुमारे चोवीस तासांत अंडी फुटतात व चार-पाच दिवसांनी पिल्ले पोहू लागतात. त्यांचे तोंड इतके लहान असते की आरंभी त्यांना पॅरामेशियमसारखे सूक्ष्मजीव व नंतरच आर्टेमियाची पिल्ले देता येतात.

या पद्धतीचे नीट अवलोकन केल्यास तिच्यातील प्रत्येक टप्पा हा रिओ नेग्रोचा एकेक गुणधर्म आहे, असे दिसते. मृदू पाणी म्हणजे वाळूच्या जमिनीवरील पाऊस, पीट म्हणजे इगापोतील पालापाचोळा, काळा कागद म्हणजे अरण्याची सावली. सिओलींसारख्या शास्त्रज्ञांनी नदीवर जे मोजले तेच मत्स्यपालकांनी घरातील पेटीत पुन्हा उभे केले. या ज्ञानाला आणखी एक आशियाई जोड मिळाली. आग्नेय आशियातील लढाऊ माशांचे पालक बदामाची वाळलेली पाने पाण्यात टाकत असत. ही पाने पाण्याला तांबूस रंग व टॅनिन देतात. कोकण किनाऱ्यावर व मुंबईच्या रस्त्यांच्या कडेला सर्वत्र आढळणारा, तांबडी होऊन गळणाऱ्या मोठ्या पानांचा देशी बदाम तो हाच. अंगण झाडताना केरात जाणारे हे पान आज जगभरच्या मत्स्यपालकांना मोल देऊन विकले जाते.

निऑनची पैदास साधल्यानंतर ती घरगुती पेटीपुरती राहिली नाही. हाँगकाँग व आग्नेय आशियातील केंद्रांत ती व्यापारी प्रमाणावर होऊ लागली आणि बाजारातील बहुतांश निऑन मासे पैदास केंद्रांतून येऊ लागले. कार्डिनलची पैदास अधिक कष्टाची असल्याने तो मात्र दीर्घकाळ नदीतूनच येत राहिला. या एका फरकावर रिओ नेग्रोकाठच्या एका गावाचे अर्धशतकाचे अर्थकारण उभे राहिले.

बार्सेलोस : नदीवर जगणारे गाव

मनाउसपासून सुमारे चारशे किलोमीटर वर, रिओ नेग्रोच्या काठी बार्सेलोस हे गाव आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगीजांच्या रिओ नेग्रो प्रांताची राजधानी होते. राजधानी गेल्यानंतर गावाचे महत्त्व ओसरले. रबराच्या भरभराटीच्या काळात या परिसरातील माणसे रबराचा चीक गोळा करू लागली व रबर कोसळल्यावर पुन्हा अरण्यातील किरकोळ उत्पादनांवर आली. १९५०-६० च्या दशकात शोभेच्या माशांच्या व्यापाराने या गावाला नवे उत्पन्न मिळवून दिले.

पियाबेरोचे काम दिसते तितके सोपे नाही. पाणी ओसरू लागले की मासे अरण्यातील उथळ ओढ्यांत एकवटतात. पियाबेरो लहान होडीतून तेथे जातो, वल्ह्याने माशांना हलकेच हाकत 'रापिशे' नावाच्या हातजाळ्यात घेतो किंवा 'काकुरी' नावाचा सापळा लावतो. तीन सेंटिमीटरचा मासा हाताच्या स्पर्शानेही दगावू शकतो. म्हणून तो पाण्यासकट उचलावा लागतो. मासे काही दिवस ओढ्यातच पिंजऱ्यात ठेवून मग बोटीने मनाउसला व तेथून विमानाने परदेशी रवाना होतात. कोणत्या ओढ्यात कोणत्या महिन्यात मासा मिळेल, पाण्याची पातळी किती असताना जाळे टाकावे व मासा निस्तेज केव्हा दिसतो, हे ज्ञान ग्रंथात नव्हते. ते बापाकडून मुलाकडे आलेले होते.

या व्यापाराची रचना मात्र रबराच्या काळातलीच होती. मालक अथवा दलाल पियाबेरोला तांदूळ, मीठ, इंधन उधार देई व त्या बदल्यात मासे घेई. रबर गोळा करणाऱ्यांना बांधून ठेवणारी 'आव्हियामेंतु' नावाची हीच उचल पद्धती होती. ऊसतोडणी कामगारांच्या उचलीशी परिचित असलेल्या महाराष्ट्रातील अभ्यासकास तिचे स्वरूप वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. परदेशातील दुकानात मिळणाऱ्या किमतीचा अत्यल्प अंश पियाबेरोच्या हाती पडे. तरीही रिओ नेग्रोतून निर्यात होणाऱ्या शोभेच्या माशांत कार्डिनलचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक होता आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस बार्सेलोसच्या उत्पन्नाचा सुमारे ६० टक्के भाग या व्यापारातून येत असे, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे.

१९८९ मध्ये ॲमेझोनास संघीय विद्यापीठातील निंग लाबिश चाओ यांनी 'प्रोजेक्तो पियाबा' हा अभ्यासप्रकल्प सुरू केला. या व्यापारामुळे मासा संपेल काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. नैसर्गिक अवस्थेत कार्डिनल सामान्यतः सुमारे एक वर्षच जगतो आणि पाणी आटले की डबक्यांत अडकून असंख्य मासे मरतात. त्यामुळे योग्य काळात केलेल्या मासेमारीने त्याच्या संख्येला धोका पोहोचत नाही, असे या अभ्यासातून मांडले गेले. याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा, की जोवर अरण्यातून मासा मिळतो आणि माशाला किंमत येते तोवर गावकऱ्यांना अरण्य राखण्यात स्वारस्य असते. 'मासा विकत घ्या, झाड वाचवा' हे या प्रकल्पाचे घोषवाक्य ठरले. १९९४ पासून बार्सेलोसमध्ये शोभेच्या माशांचा उत्सव सुरू झाला. त्यात गावाचे 'कार्डिनल' व 'आकारा-डिस्को' असे दोन गट नृत्य व देखाव्यांच्या स्पर्धेत उतरतात. जगाच्या पेटीतील मासा येथे गावाचा मानबिंदू बनला.

रबराची पुनरावृत्ती

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून कार्डिनलच्या पैदासीतील अडचणी दूर होऊ लागल्या. चेक प्रजासत्ताक व आग्नेय आशियातील केंद्रांत कार्डिनल मोठ्या संख्येने निपजू लागला. हा मासा वर्षभर उपलब्ध असतो, एकसारख्या आकाराचा असतो, नळाच्या पाण्याला सरावलेला असतो व त्याचा विमानखर्चही कमी येतो. खरेदीदाराला तर तो 'निसर्गाला धक्का न लावलेला' मासा म्हणून विकता येतो. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून रिओ नेग्रोतील निर्यात उतरत गेली.

ॲमेझॉनच्या खोऱ्याने हा अनुभव एकदा घेतलेला होता. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम या इंग्रजाने तापाजोस नदीकाठून रबराच्या झाडाच्या सुमारे ७०,००० बिया लंडनजवळील क्यू उद्यानात नेल्या. त्यांतील सुमारे २,७०० रुजल्या व त्यांची रोपे श्रीलंका व मलाया येथे गेली. १८९६ मध्ये मनाउस येथे रबराच्या पैशातून भव्य नाट्यगृह उभे राहिले. परंतु १९१३ च्या सुमारास आशियातील मळ्यांच्या रबराने ब्राझीलच्या जंगली रबराला मागे टाकले व मनाउसची भरभराट ओसरली. दोन्ही घटनांतील साम्य उघड आहे. मूळ प्रदेशातून जीव नेला जातो, त्याच्या वाढीचे ज्ञान दूरच्या देशात विकसित होते, उत्पादन तेथे स्वस्त होते व मूळ प्रदेशाच्या वाट्याला रिकामेपण येते.

भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. रबराच्या बिया साम्राज्याच्या यंत्रणेने हलवल्या. कार्डिनलचे कोडे सोडवण्यात मात्र घरच्या पेटीपुढे रात्री जागणाऱ्या शेकडो हौशी माणसांचा हातभार होता. त्यांच्या मनात कोणाचे उत्पन्न हिरावण्याचा हेतू नव्हता. पिल्ले पोहू लागलेली पाहणे हाच त्यांचा आनंद होता. परिणाम मात्र हेतूवर अवलंबून राहिला नाही. मासेमारी सोडावी लागलेल्या कुटुंबांपुढे शहरात स्थलांतर, पर्यटकांच्या मासेमारी-सहलीतील मजुरी किंवा अरण्यावर अधिक भार टाकणारे उद्योग एवढेच पर्याय उरतात. २०१४ मध्ये ब्राझीलने रिओ नेग्रोच्या शोभेच्या माशांना भौगोलिक मानांकन दिले. नदीतील मासा व पेटीतील मासा यांत फरक आहे, हे ग्राहकाला सांगण्याचा तो प्रयत्न होता. उशिरा का होईना, माशाच्या नावाशी नदीचे नाव प्रथमच अधिकृतपणे जोडले गेले.

आग्नेय आशियातील प्रतिउदाहरण

याच्या नेमकी उलट परिस्थिती आग्नेय आशियातील काळ्या पाण्यात दिसते. सुमात्रा, बोर्निओ व मलाय द्वीपकल्पातील पीटच्या दलदलींत पाण्याचा सामू ३ ते ४ पर्यंत उतरतो. 'पॅरोस्फ्रोमेनस' या प्रजातीचे नखाएवढे रंगीत मासे येथे राहतात. २००६ मध्ये सुमात्रातील अशाच दलदलीतून वर्णिलेल्या 'पेडोसिप्रिस प्रोजेनेटिका' या माशाची प्रौढ मादी ७.९ मिलिमीटर लांबीची आढळली. त्या वेळी तो ज्ञात पृष्ठवंशीय प्राण्यांतील सर्वांत लहान ठरला. परंतु या दलदली वेगाने नष्ट होत गेल्या. १९९५-९६ पासून इंडोनेशियाने मध्य कालिमंतानात सुमारे दहा लाख हेक्टर पीटभूमी भातशेतीखाली आणण्याची योजना राबवली. कालवे खणून जमीन कोरडी केली गेली, भात फारसा पिकला नाही आणि १९९७-९८ च्या वणव्यांत कोरडे पीट जळत राहिले. अन्यत्र पामतेलाच्या मळ्यांनी दलदली व्यापल्या.

येथे माशाला नदीकाठी फारशी किंमत नव्हती व त्यामुळे दलदल राखण्यात कोणाचे आर्थिक हित गुंतलेले नव्हते. ज्या ओढ्यातून मासा प्रथम गोळा केला तो ओढाच नाहीसा झाल्यावर काही हौशी मत्स्यपालकांच्या पेट्यांतील पिढ्या हाच त्या माशाचा आधार उरतो. जोडीदार ठरवून पैदास करणे, मूळ ठिकाणाची नोंद ठेवणे व भिन्न ठिकाणच्या माशांचा संकर टाळणे ही शिस्त अशा मत्स्यपालकांनी स्वीकारली आहे. रिओ नेग्रोच्या बाबतीत जे प्रजनन गावाचा आधार काढून घेते, तेच पीटच्या दलदलीतील माशांच्या बाबतीत अस्तित्वाचा शेवटचा धागा ठरते.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली गोष्ट अशी की, काळ्या पाण्यातील माशांच्या घरगुती पालनाचा इतिहास हा पाण्याविषयीच्या ज्ञानाचा इतिहास आहे. वॉलेसच्या चित्रांपासून मत्स्यपालकाच्या काळ्या कागदापर्यंत या ज्ञानाची एक सलग साखळी दिसते. तिच्यातील पियाबेरोचा दुवा मात्र शास्त्रीय नावांत व ग्रंथांत नोंदला गेला नाही.

दुसरी गोष्ट अशी की, पेटीतील प्रजनन स्वभावतः निसर्गरक्षक किंवा निसर्गघातक नसते. जेथे माणसाची उपजीविका मासा व अरण्य या दोहोंना एकत्र बांधून ठेवते, तेथे दूरदेशीची पैदास ती गाठ सोडवते. जेथे अधिवासच नष्ट झाला आहे, तेथे तीच पैदास माशाला जगवते. एकच कृती, एकाच प्रकारचे पाणी, एकाच आकाराची पेटी. परंतु तिचा अर्थ पेटीबाहेरच्या इतिहासाने ठरतो.

तिसरी गोष्ट इतिहासलेखनाशी संबंधित आहे. रबर, कापूस, नीळ यांसारख्या मोठ्या वस्तूंच्या जागतिक प्रवासाचा अभ्यास आता प्रस्थापित झाला आहे. दिवाणखान्यातील लहान वस्तूंच्या प्रवासाकडेही त्याच गांभीर्याने पाहिले पाहिजे. संध्याकाळी दिवा लावल्यावर काचेच्या पेटीत फिरणाऱ्या निळ्या-तांबड्या माशांच्या थव्याकडे पाहणाऱ्याला तो मासा सुंदर वाटतो, हे स्वाभाविक आहे. तो कोठून आला, कोणाच्या हातून आला आणि आता त्या हातांना काय काम उरले आहे, हे प्रश्न विचारणे ही इतिहासाच्या अभ्यासकाची जबाबदारी होय.